बुद्धिबळाच्या स्पर्धेला निघालात? आधी अंगाची तयारी करा

पहिली रेटेड स्पर्धा (जिथल्या निकालावर खेळाडूचं रेटिंग, म्हणजे ताकदीचा आकडा, ठरतो) ठरली की घरात चर्चा सुरू होते ती ओपनिंगची, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींची. सिसिलियन खेळायचं की लंडन, कोणता ऑनलाइन कोर्स लावायचा, कोणाकडे क्लास लावायचा. मी जळगाव-धुळ्याकडच्या स्पर्धांत बरीच वर्षं खेळलो, आता आमच्या भागातली पोरं घेऊन बाहेरगावी जातो. माझं मत सांगतो: नव्या खेळाडूचे गुण ओपनिंगमध्ये फार कमी जातात. ते जातात डावाच्या चौथ्या तासाला, दिवसाच्या दुसऱ्या फेरीत, नाहीतर स्पर्धेच्या शेवटच्या दोन दिवसांत. तिथं पुस्तक कामी येत नाही, अंग कामी येतं.

हिशेब करून बघा. क्लासिकल, म्हणजे लांब वेळेच्या डावात बहुतेक वेळा प्रत्येकाला ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद जादा मिळतात. डाव ६० चालींपर्यंत गेला तर एकेकाचे दोन तास, म्हणजे दोघांचे मिळून चार तास. असे दिवसाला दोन डाव, आणि पाचेक दिवसांत नऊ फेऱ्या. दहावीच्या पेपरलाही पोरं इतकं बसत नाहीत.

हा लेख त्यांच्यासाठी आहे जे पहिल्यांदा अशा स्पर्धेला जाणार आहेत, किंवा ज्यांची मुलं जाणार आहेत. स्पर्धेला महिनाभर तरी असताना वाचला तर उपयोग जास्त.

१. आधी जुन्या स्कोअरशीट (डावाच्या चाली लिहायचे कागद) काढा

गोळ्या, टॉनिक, बदाम यांच्या मागे लागण्याआधी आपण नेमकं कुठे ढेपाळतो ते शोधा. त्याला खर्च काही नाही. डाव लिहिताना दर पाच चालींनंतर चालीच्या बाजूला घड्याळात उरलेली मिनिटं लिहायची सवय लावा. बुद्धिबळाच्या नियमात घड्याळातली वेळ लिहायला मुभा आहे. घरी आल्यावर लाल पेनाने फक्त मोठ्या चुकांवर गोल करा. मोठी चूक म्हणजे फुकट गेलेली सोंगटी, न दिसलेली मात, हातातला डाव सोडणारी चाल. बारीकसारीक चुका सोडून द्या.

दहाएक डावांच्या शीट ओळीने जमिनीवर मांडल्या की चित्र दिसतं. एखाद्याचे लाल गोल बाराव्या-पंधराव्या चालीला असतात, त्याने खरंच ओपनिंग शिकावं. पण बऱ्याच पोरांचे गोल पस्तिसाव्या चालीपुढे एकत्र येतात, तेही दुपारच्या फेरीत. अक्षरसुद्धा बघा. पहिल्या वीस चाली मोत्यासारख्या, मग हळूहळू ओळ सोडून खाली उतरणारं अक्षर, आणि शेवटी घोडा कुठे गेला ते लिहिणाऱ्यालाच वाचता येत नाही. घड्याळात चाळीस मिनिटं शिल्लक असताना चार चाली अर्ध्या अर्ध्या मिनिटात खेळलेल्या दिसल्या तर समजा, त्या पोराला डाव जिंकायचा नव्हता, संपवायचा होता. थकलेला माणूस असंच खेळतो. विचार करणं नको होतं, म्हणून पहिली दिसेल ती चाल.

२. रोजची हालचाल: पैलवान व्हायचं नाही, बसायचा दम हवा

जगज्जेतेपदासाठी खेळणारे लोक पळतात, पोहतात, जिममध्ये जातात हे खरं आहे. सोव्हिएत जगज्जेते मिखाईल बोट्विनिक गेल्या शतकातच व्यायाम आणि ठरलेल्या दिनक्रमाबद्दल काटेकोर होते. नॉर्वेचा माजी जगज्जेता मॅग्नस कार्लसन याचं फुटबॉल सगळ्यांना माहीत आहे. पण शरीर साथ देईनासं झालं तर काय होतं, त्याचं ठळक उदाहरण १९८४ चं. मॉस्कोत जगज्जेता कार्पोव्ह आणि त्याला आव्हान देणारा कास्पारोव्ह यांची लढत १० सप्टेंबरला सुरू झाली. जो आधी सहा डाव जिंकेल तो जगज्जेता, बरोबरीचे डाव मोजायचे नाहीत. कार्पोव्ह २७ डावांनंतर ५-० ने पुढे होता, फक्त एक विजय हवा होता. तो आलाच नाही. महिने गेले, कार्पोव्हचं वजन उतरलेलं लोकांना दिसत होतं, आणि शेवटी कास्पारोव्हने लागोपाठ डाव घ्यायला सुरुवात केली. १५ फेब्रुवारी १९८५ ला, ४८ डावांनंतर ५-३ असा गुणफलक असताना जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी लढतच थांबवली.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. बुद्धिबळपटू दिवसाला सहा हजार कॅलरी जाळतो, असा मेसेज पालकांच्या ग्रुपवर दर काही महिन्यांनी फिरतो. त्यावर विसंबून पोराला तूप-लाडू चारू नका. आपण बसलेले असताना शरीर जी ऊर्जा वापरतं त्यातला साधारण पाचवा हिस्सा मेंदूकडे जातो, पण अवघड विचार केल्याने त्यात फार थोडी भर पडते. मोठ्या स्पर्धेत वजन उतरतं ते ताण, धडधड, अपुरी झोप आणि जेवण न जाणं यांमुळे. म्हणजे उपाय जास्त खाण्यात नाही, नीट खाण्या-झोपण्यात आहे.

आता तुम्ही काय करायचं:

- लहान मुलांनी रोज तासभर घाम येईल असं काहीही खेळावं. कबड्डी, सायकल, पळापळी, काहीही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही तेवढाच आहे. मोठ्यांसाठी आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास.
- पाठ आणि मान यांच्यासाठी दहा मिनिटं वेगळी काढा. भुजंगासन, मार्जारासन, खांदे गोल फिरवणं. चार तास पटावर वाकून बसल्यावर आधी दुखते ती पाठ, आणि दुखणारी पाठ विचार करू देत नाही.
- आठवड्यातून एकदा घरी पूर्ण लांबीचा डाव खेळा, खरं घड्याळ लावून, लिहून, खुर्चीवर बसून. गादीवर लोळत मोबाईलवर खेळलेल्या शंभर डावांनी बसायचा दम येत नाही.

वेळेचं आपल्याकडे फार जपावं लागतं. एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, आणि स्पर्धाही नेमक्या सुट्टीत असतात. त्या दिवसांत व्यायाम सकाळी सातच्या आत उरका. जळगावकरांना मेहरूण तलावाचा रस्ता आहे, धुळ्याला पांझरेचा काठ आहे, खेड्यात वावराचा बांध सगळ्यात चांगला. संध्याकाळी सहालाही डांबर तापलेलंच असतं, तेव्हा पोराला पळायला लावू नका.

शिवाय एकदा डोळे तपासून घ्या. डाव लिहिताना जो मुलगा शीटवर नाक टेकवतो किंवा डोळे बारीक करून भिंतीवरचा पेअरिंगचा (कोण कोणाशी खेळणार त्याचा) कागद वाचतो, त्याचं डोकं दुपारी दुखणारच. त्याला दम कमी आहे असं समजून आपण वर्षभर पळवत राहतो, आणि हवा असतो चष्मा.

३. झोप: फेरीच्या वेळेपासून उलटी मोजा

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

६ ते १२ वयाच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते. १३ ते १८ वयाच्यांना ८ ते १०. मोठ्यांना किमान ७. पहिली फेरी साडेनऊला असेल तर नऊला हॉलवर, साडेसातला नाश्ता, साडेसहाला उठणं. दहा वर्षांच्या मुलीला नऊ तास हवेत, म्हणजे साडेनऊला दिवा बंद. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर गप्पा मारत अकरा-बारा वाजवायची सवय असते. ती स्पर्धेच्या आदल्या दिवशी एकदम मोडत नाही. पोर साडेनऊला आडवं होतं आणि बारापर्यंत छताकडे बघत राहतं. म्हणून दोन आठवडे आधीपासून दर दोन-तीन दिवसांनी झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा.

गुकेशने डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूरला अठराव्या वर्षी जगज्जेतेपद मिळवलं. त्याच्यासोबत पॅडी अपटन हे मानसिक तयारीचे प्रशिक्षक काम करत होते. ते चाली शिकवायला नव्हते. डाव नसतानाचा वेळ कसा घालवायचा, झोप आणि विश्रांती कशी सांभाळायची, हा त्यांच्या कामाचा भाग होता. आपल्याकडे असा माणूस परवडणारा नाही, पण दिवा बंद करायला प्रशिक्षक लागत नाही.

झोपेतल्या नेहमीच्या खाचा:

रात्रीचा बुलेट. झोपायच्या आधी मोबाईलवर एक-एक मिनिटाचे डाव. हरलं की अजून एक, जिंकलं की अजून एक. छाती धडधडत असते आणि डोळे मिटले की पटच दिसतो. स्पर्धेच्या आठवड्यात संध्याकाळी सातनंतर हे बंद.

आदल्या रात्रीचं पाठांतर. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं बसतं. रात्री बारापर्यंत जागून घोकलेली दहा चालींची लाइन सकाळी सातव्या चालीलाच विसरते, आणि वर झोपही गेलेली असते.

चहा-कॉफी. कॅफिनचा अंमल निम्म्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचचा कडक चहा रात्री दहालाही अंगात असतो. मोठ्यांनी सकाळच्या फेरीआधीचा नेहमीचा एक कप घ्यावा, दुपारनंतर नको. मुलांना एनर्जी ड्रिंक देऊच नका.

याच संदर्भात, अभ्यासात लक्ष लागण्याच्या गोळ्या कोणी सुचवल्या तर हात जोडा. जर्मनीत बुद्धिबळपटूंवरच अशा औषधांचा प्रयोग झाला होता. २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. गोळी घेतलेले खेळाडू चालीला जास्त वेळ लावू लागले आणि वेळ संपून हरण्याचं प्रमाण वाढलं. बुद्धिबळालाही उत्तेजकविरोधी नियम लागू आहेत. डॉक्टरांनी एखाद्या मुलाला खरंच असं औषध दिलेलं असेल तर ते परस्पर बंद करू नका. वरच्या पातळीवर खेळायच्या आधी त्याची परवानगी कशी घ्यायची ते डॉक्टरांना आणि संघटनेला विचारा.

४. प्रवास, मुक्काम आणि पिशवी

खानदेशातून पुणे, मुंबई, नागपूर सगळंच लांब. त्यामुळे रात्रीच्या गाडीने निघायचं, सकाळी उतरायचं, स्टेशनवर तोंड धुऊन थेट हॉल गाठायचा, असा बेत घरोघरी होतो. लॉजचे पैसे वाचतात हे खरं. पण रात्रभर खिडकीशी डुलक्या घेतलेलं पोर पहिली फेरी कशीबशी काढतं आणि दुसरीत झोपतं. जमत असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोहोचा. पैशाची ओढ असेल तर वर्षात तीन स्पर्धांऐवजी दोनच खेळा, पण नीट जाऊन खेळा. जिल्ह्यातच सोय असेल तर आधी तिथे अनुभव घ्या. आता जळगावात जैन हिल्ससारख्या ठिकाणी राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धाही होतात. प्रत्येक वेळी पुणंच गाठायला हवं असं नाही.

छत्रपती संभाजीनगरकडे जाताना चाळीसगाव सोडलं की कन्नडचा घाट लागतो. बस लागते म्हणून आई निघताना गोळी देते. त्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि ती घाट संपला तरी उतरत नाही. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांचंही तसंच. फेरीच्या सकाळी अशी गोळी नको. गोळी लागतेच अशा मुलाला आदल्या दिवशी प्रवास घडवा, म्हणजे रात्रीतून अंमल उतरतो.

लॉज हॉलपासून चालत जाता येईल असं बघा. मंगल कार्यालयाच्या शेजारचं घेऊ नका, लग्नसराईत डीजे थांबायचं नाव घेत नाही. रस्त्याकडची खोली टाळून मागची मागा. आणि एका खोलीत पाच पोरं कोंबू नका. एक जागं राहिलं की पाचही जागी राहतात.

सोबत न्यायची कागदपत्रं:

- राष्ट्रीय संघटनेकडची चालू वर्षाची नोंदणी आणि फिडे आयडी (जागतिक संघटनेने दिलेला खेळाडूचा क्रमांक), कागदावर छापून. मोबाईल हॉलबाहेर राहणार आहे.
- वयोगटाची स्पर्धा असेल तर जन्मदाखला आणि आधारची झेरॉक्स.
- शालेय स्पर्धा असेल तर शाळेचं ओळखपत्र आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा अर्ज. तालुका क्रीडा संयोजकांना आधीच विचारून घ्या.
- प्रवेश शुल्क भरल्याची पावती.
- स्पर्धेचं माहितीपत्रक. त्यातल्या तीन ओळींखाली रेघ मारा: फेऱ्यांच्या वेळा, किती मिनिटं उशीर चालतो, आणि अर्ध्या गुणाची बाय (फेरी न खेळता मिळणारा अर्धा गुण) कोणत्या फेरीपर्यंत मिळते.

आणि सामान: पट, सोंगट्या, घड्याळ (पुष्कळ ठिकाणी खेळाडूनेच आणायचं असतं), दोन पेनं, पाण्याची बाटली, पातळ उशी, एक स्वेटर, ओआरएसची पाकिटं, नेहमीची औषधं, घरची चादर. स्वेटर मे महिन्यात कशाला, असं विचाराल. पुण्या-मुंबईचे हॉल एसी असतात. पंख्याखाली वाढलेली आपली पोरं तिथे दुसऱ्या तासाला कुडकुडायला लागतात. उशी लहान मुलांसाठी आहे. लग्नाच्या हॉलच्या खुर्च्या मोठ्या माणसांच्या मापाच्या असतात. मूल खुर्चीत खालीच राहतं, पट हनुवटीशी येतो आणि पाय लोंबकळतात. खाली उशी द्या आणि पाय टेकायला त्याचीच बॅग आडवी ठेवा, पंच सहसा हरकत घेत नाहीत. तरी विचारून करा.

मोठी खाच इथे आहे. व्यायामासाठी घेतलेला फिटनेस बँड किंवा स्मार्ट वॉच मनगटावर ठेवून पटावर बसू नका. परवानगी नसलेलं कोणतंही इलेक्ट्रॉनिक यंत्र अंगावर सापडलं तर डाव जाऊ शकतो, मोबाईल बंद करून खिशात ठेवलेला असला तरी. इनहेलर किंवा साखर मोजायचं यंत्र लागत असेल तर पहिल्या फेरीआधीच मुख्य पंचांना दाखवून ठेवा.

५. खाणं: शेवभाजी घरी आल्यावर

स्पर्धेच्या दिवसांत नवीन काहीही खायचं नाही. पोटाला माहीत असलेलंच द्यायचं.

सकाळी फेरीच्या दीड-दोन तास आधी पोटभर पण साधं: शेंगदाणे घातलेले पोहे, उपमा, नाहीतर दादर ज्वारीची भाकरी आणि दूध. दुपारी पोळी-भाजी, थोडं वरण, ताक. भात हवाच असेल तर दोन घास, ताटभर नको. दोन फेऱ्यांच्या मध्ये तर्रीदार शेवभाजी किंवा वरण-बट्टी खाल्ली की तीन वाजता जी सुस्ती येते ती उंटाला घोडा समजायला लावते. मला शेवभाजीचं वावडं नाही, उलट परतीच्या दिवशी ती हवीच. फक्त त्या दिवशी दुसरी फेरी नसावी.

पटावर सोबत केळी न्या. रावेर-यावलची केळी देशभर जातात आणि आपलीच पोरं हॉलबाहेर क्रीमची बिस्किटं आणि थंड पेय घेऊन बसतात. नुसती साखर पटकन चढते आणि अर्ध्या-पाऊण तासात पोर पुन्हा मरगळतं. केळं, मूठभर शेंगदाणे, दोन-चार खजूर, झालं.

उन्हात प्रवास करून आल्यावर आणि पंख्याच्या हॉलमध्ये पाणी सारखं लागतं. थोडं पाणी कमी पडलं तरी लक्ष आधी जातं, तहान मागून कळते. तासाला दोन-चार वेळा घोट घोट प्या. फेरीच्या तोंडावर बाटलीभर पाणी प्याल तर ऐन मोक्याला बाथरूमला जावं लागेल. ओआरएसचं पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचे चहाचे, मोठे नाहीत. मिठाचं माप चुकवू नका.

उपवासाबद्दल दोन शब्द. श्रावणात किंवा एकादशीला स्पर्धा आली की घरात पेच पडतो. मोठ्यांनी आपलं आपण ठरवावं. लहान मुलाला मात्र उपाशीपोटी किंवा नुसत्या साबुदाण्यावर चार-चार तास बसवू नये, असं मला स्पष्ट वाटतं. पुढच्या एकादशीला करता येतो.

६. पटावर बसल्यावर

पाय जमिनीला, पाठ टेकलेली, कोपर टेबलावर हलके. प्रतिस्पर्ध्याने चाल केली की आधी ती लिहा, मग हात मांडीखाली ठेवा आणि विचार करा. आपली चाल मात्र खेळून झाल्यावरच लिहायची. चाल आधी लिहून मग खेळायची जुनी पद्धत काही काका अजून शिकवतात, ती आता नियमात बसत नाही.

आपली चाल झाली, घड्याळ दाबलं, की दर अर्ध्या तासाने एकदा उठा. दहा-पंधरा पावलं चाला, लांबच्या भिंतीकडे बघा, खांदे मागे घ्या, परत या. आपली वेळ चालू असताना पंचांना न विचारता खेळायची जागा सोडता येत नाही, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसवा. शेजारच्या पटावर रेंगाळायचं नाही, मित्राशी बोलायचं तर अजिबातच नाही.

बसायची जागा आपल्या हातात नसते, हवा थोडीफार असते. जर्मनीतल्या स्पर्धांमध्ये संशोधकांनी हॉलमधले धुळीचे बारीक कण मोजले आणि खेळाडूंच्या चाली संगणकाकडून तपासल्या. हवा खराब तेव्हा चुका जास्त, आणि वेळेचं दडपण असताना त्याहून जास्त. आपल्याकडे बंद खिडक्यांच्या शाळेच्या हॉलमध्ये दीडशे पोरं आणि दारात शंभर पालक. पंचांना नम्रपणे खिडक्या उघडायला सांगा. आणि पालकांनो, दार अडवू नका.

घड्याळात वेळ आहे आणि डोकं चालेनासं झालंय, असं झालं तर दोन मिनिटं खर्च करा. डोळे मिटा, श्वास आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ बाहेर सोडा, पाच-सहा वेळा. मग पट असा बघा जणू तुम्ही आत्ताच येऊन बसलात: माझा राजा सुरक्षित आहे का, कोणती सोंगटी फुकट आहे, समोरच्याची शेवटची चाल कशासाठी होती. ९० मिनिटांच्या डावात ही दोन मिनिटं काहीच नाहीत.

७. दोन फेऱ्यांच्या मधला वेळ

इथे सगळ्यात जास्त गुण वाया जातात, आणि ते बहुतेक करून आम्ही मोठी माणसं घालवतो.

कुठल्याही स्पर्धेत दुपारी एकला हॉलबाहेर जाऊन बघा. लिंबाखाली चादर टाकलेली. पोर चार तास खेळून, हरून आलेलं. डबा उघडलेला, पोळीचा तुकडा हातात तसाच, आणि वडील मोबाईलवर इंजिन (चाली तपासणारा प्रोग्राम) लावून दाखवतायत, "हे बघ, इथं हत्तीनं मारलं असतं तर सरळ जिंकत होता." पोर मान हलवतं, बघत नसतं. शेवटी आजीच म्हणते, "पोऱ्याले पह्यले जेवू दे, मंग दखाड." आजीला बुद्धिबळातलं काही कळत नाही, पण त्या चादरीवर बरोबर बोलणारी ती एकटीच.

क्रम असा ठेवा. निकाल लिहिला, दोघांनी सह्या केल्या, की शीट घडी घालून पिशवीत, घरी जाईपर्यंत बाहेर नाही. कसा झाला एवढं एकदा विचारा, पोर सांगेल तेवढं ऐका, विषय संपवा. जेवण. मग सावलीत दहा मिनिटं रमतगमत चालणं. मग आडवं होणं, वीस मिनिटं, गजर लावून. तासभर झोपू दिलं तर गाढ झोपेतून उठवावं लागतं आणि पुढचा अर्धा तास पोर भ्रमिष्टासारखं असतं. झोप नाही लागली तरी डोळे मिटून पडू द्या. उठल्यावर तोंडावर पाणी, दोन घोट ताक, आणि हॉल. पेअरिंग लागलं का म्हणून दर पाच मिनिटांनी चेस-रिझल्ट्स ही निकालांची वेबसाइट उघडून बघायचं काम मोठ्यांनी करावं, आणि समोरच्याचं रेटिंग किती हे पोराला सांगू नये.

रात्रीचंही तेच. जेवण साडेआठच्या आत, उद्याच्या तयारीला फार तर पाऊण तास, मग पाय मोकळे करणं आणि झोप.

८. मोठा पराभव, आणि बाय घ्यायची वेळ

२०२१ मध्ये दुबईत तेव्हाचा जगज्जेता कार्लसन आणि त्याला आव्हान देणारा नेपोम्नियाची यांच्या लढतीतला सहावा डाव १३६ चाली चालला, जवळजवळ पावणेआठ तास. जगज्जेतेपदाच्या लढतींतला तो सगळ्यात लांब डाव. पाच डाव बरोबरीत सोडवणारा नेपोम्नियाची तो हरला, आणि त्यानंतरच्या डावांत त्याने अशा चुका केल्या ज्या तो एरवी करत नाही. नवव्या डावात तर साध्या प्याद्याच्या चालीने त्याचा उंट कोंडला गेला. इतक्या तयारीच्या माणसाचं असं होतं, तर पाच तासांचा डाव हरलेल्या आपल्या बारा वर्षांच्या पोराकडून तासाभराने ताज्या डोक्याची अपेक्षा करू नका.

अशा वेळी बायचा विचार करा. अर्ध्या गुणाची बाय म्हणजे एक फेरी न खेळता अर्धा गुण. माहितीपत्रकात सोय असेल आणि मुदत गेली नसेल तर मुख्य पंचांना लेखी द्यावं लागतं, पेअरिंग लागायच्या आधी. ताप, उलट्या, रात्रभर झोप नाही, अशा वेळी ती घ्याच. त्यात कमीपणा काही नाही. शेवटच्या फेऱ्यांत मात्र ती बहुतेक ठिकाणी मिळत नाही, म्हणून चौथ्या-पाचव्या फेरीलाच अंदाज घ्या. न सांगता गैरहजर राहिलात तर गुण तर जातोच, पुढच्या फेऱ्यांतूनही नाव काढलं जाऊ शकतं.

ताप असलेल्या किंवा ऊन लागलेल्या पोराला खेळवू नका. डोकं दुखतंय, मळमळतंय, अंग गरम आणि बोलणं तुटक झालं तर हॉल सोडून दवाखाना गाठा.

९. परत आल्यावर

दोन दिवस पट बंद. शाळा, खेळ, झोप. तिसऱ्या दिवशी शीट काढा, इंजिन न लावता मुलासोबत एकदा खेळून बघा, मग लाल पेन घ्या. पहिल्या पायरीत केलं तसंच: चाल कितवी, घड्याळात किती मिनिटं, सकाळची फेरी की दुपारची. यावेळी शीटच्या मागे आणखी दोन गोष्टी लिहा, आदल्या रात्री किती वाजता झोपलो आणि दुपारी काय खाल्लं. तीन-चार स्पर्धांच्या शीट जमल्या की पुढची फी ओपनिंगच्या क्लासला भरायची की सकाळच्या सायकलीला, हे कागदच सांगतील.